काठाशी नीट घासलेली नाही

नाझी, आज बुधवार.
आठवड्याचा हिशेब ओट्यावर मांडलाय:
दह्याचे सहा डबे, झाकणांसकट,
पावाच्या चार पिशव्या (पाव आणले दोनच,
दुकानातली मुलगी एकात एक घालून देते
आणि मला वेळेवर नको म्हणायचं सुचत नाही),
सूर्यफुलाच्या तेलाची बाटली,
गोळ्यांची चकाकती पाकिटं,
आणि एक काकडी. एकटी काकडी,
जिला कुणीतरी रेनकोट घातला होता.

थेओना बोलोन्याहून फोनवर म्हणाली,
"बाबा, मोजून तरी बघा."
मोजलं.
एका माणसाच्या मानानं फार झालं.
चाळीस वर्षं कुताइसीच्या ट्रॉलीबसच्या तारा जोडल्या मी,
पण घरात काय येतं, काय जातं,
ती तार तुझ्या हातात होती.

झुझुना अजून येते सकाळी सातला.
खालून पाचव्या मजल्यापर्यंत हाक: मात्सोऽऽनी!
पहिल्यांदा मी धावत उतरलो, मुठीत पैसे घेऊन.
ती म्हणाली, "बरणी?"
मी म्हणालो, "कसली बरणी?"
तिनं असं पाहिलं
जसा मी बिनतिकिटाचा चढलोय.
मग पदराशी काही नव्हतं म्हणून बाहीनं डोळे पुसले.
तू नाहीस हे तिला तिथं, जिन्याच्या तोंडाशी कळलं.
तेव्हापासून मी दुकानातले डबे आणतो.
हाक आली की नळ मोठा सोडतो.

काल पेचकस शोधताना तुझा खण उघडला.
पिशव्या. धुतलेल्या, वाळवलेल्या,
घडीवर घडी घालून त्रिकोणी केलेल्या,
शाळेतल्या पोरांनी कागदाचे बाण करून ठेवावेत तशा.
दोरीवर तू त्या माझ्या सदऱ्यांशेजारी घालायचीस,
आणि मी चिडायचो: रांगा संपल्या,
दुकानं भरली, फुकटची पिशवी कोण धुतं!
चिमटा लावता लावता तू म्हणायचीस,
"फुकट काय असतं, अव्तो?"
वाऱ्यात त्या फुगायच्या,
उगाच खुशीत असल्यासारख्या.

सगळ्यात खाली ती निळी, रीगाहून आणलेली,
घोड्याच्या चित्राची. घोडा आता निम्माच उरलाय.
ती हाताला लावून तू ऑपेराला गेली होतीस,
आणि मध्यंतरात बायका
घोड्याकडेच बघत होत्या.

शेवटची सापडली फ्रीझरमध्ये, बर्फाला चिकटून.
आत आंबट आलुबुखार,
वर तुझं अक्षर: "हिरवे. मे."
थेओना म्हणते, असली पिशवी विरायला शेकडो वर्षं लागतात.
मला वाटलं, चला, काहीतरी टिकतंय.

चटणी केली. लसूण जास्त झाला.
पिशवी कोमट पाण्यात धुतली,
अक्षरांना बोट लागू न देता.
तरी शाई गेली.
पहिल्याच पाण्याला गेली, नाझी.
पिशवी आहे तशीच आहे.

नळ किती वेळ चालू होता कुणास ठाऊक.
मग ती ओली पिशवी दोरीवर घातली, सदऱ्याशेजारी.
समोरच्या गच्चीतून वख्तांग ओरडला,
"काय रे, पुन्हा रांगा लागल्या का?"
तोंडात चिमटा होता,
उत्तर देता आलं नाही.

आज सातला खाली गेलो.
हातात दोन बरण्या, पलंगाखालच्या तुझ्या एकतीसांतल्या.
झुझुनानं एक उजेडाकडे धरली,
काठाशी नखानं खरवडून पाहिलं.
"नीट घासलेली नाही," म्हणाली,
आणि भरलेली दिली.
दुसरी परत केली. घासून आण म्हणाली.

तर पुढच्या बुधवारी दह्याचे डबे शून्य.
पावासाठी ती निळी नेईन म्हणतो,
घोडा आतल्या बाजूला करून.
काकडीचं अजून
काही जमलेलं नाही.